शिंगाची चकती

नदीकाठच्या एका जुन्या शहरात एकदा एक वृद्ध नकाशाकार राहत असत. पूल, कालवे, देवळांचे कळस, पाण्याच्या टाक्या, अशा नाना गोष्टींचे आराखडे काढण्यात त्यांची उभी हयात गेली होती. पुढे संगणक आला, आखणीची मोठमोठी टेबलं अडगळीत गेली आणि म्हातारबुवा सेवानिवृत्त होऊन घरी बसले. बसले खरे, पण हात काही बसायला तयार नव्हते. ज्या कंपासांनी आणि पट्ट्यांनी सगळा मुलूख कागदावर उतरवला, ती उपकरणं जुन्या बाजारात किलोच्या भावानं जाताना त्यांनी पाहिली. तेव्हापासून ती गोळा करणं, पुसणं, दुरुस्त करणं हाच त्यांचा नित्यनेम झाला.

सगळं गाव त्यांना आबा म्हणे. कुणी गंजलेला कंपास घेऊन येई, कुणी वडिलांच्या मागं राहिलेली कंपासपेटी घेऊन येई. आबा कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुणाच्या हातातलं आहे हे?" कुठल्या देशाचं, केवढं जुनं, काय मोलाचं, हे सगळं मागाहून. पुष्कळदा मागाहूनही नाहीच.

या आबांना एक शिष्य होता. शिष्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शेंडी राखलेला बटू उभा राहणार, तर त्याला आधी खाली बसवा. हा शिष्य चांगला पिकल्या केसांचा, बांधकाम खात्यातला इंजिनियर होता. नाव मुकुंद. आखणीच्या जुन्या उपकरणांचं त्याला वेड होतं, आणि वेड म्हणजे साधंसुधं नव्हे. संग्राहक माणूस एक वेळ मेहुणीचं लग्न विसरेल, पण जुन्या बाजाराचा वार विसरायचा नाही. मुकुंदच्या घरात कपाटं कपड्यांनी भरलेली नव्हती, पेट्यांनी भरलेली होती, आणि त्याची बायको म्हणायची, "ह्यांच्या कंपासांना मखमलीची गादी आणि आम्ही आपले सतरंजीवर!"

उपकरण पाहायचं कसं, हे आबांनी त्याला शिकवलं. सुरुवातीला मुकुंद चकाकी बघायचा, पेटीवरचं कंपनीचं नाव बघायचा. आबा म्हणत, "अरे, दागिना घ्यायला आलायस का? मिटून बघ आधी." मग तो कंपासचे पाय हळूच मिटून पाहायला शिकला. चांगल्या कंपासचे पाय सैल पडत नाहीत की अडत नाहीत, जिथे सोडाल तिथे मुकाट उभे राहतात. शाईची रेघ काढायच्या जुन्या पेनला दोन पोलादी पाती असतात, त्यांच्यामध्ये शाईचा थेंब धरायचा असतो, आणि बाजूचा इवलासा स्क्रू जरा आवळला की रेघ केसाएवढी होते. हे त्यानं स्वतः शाई भरून पाहिलं, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. अशी रेघ ओढणारी माणसं होऊन गेली आणि त्यांनी बांधलेल्या पुलांवरून आपण रोज ये-जा करतो, या विचारानं तो कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. आबा म्हणाले, "हे जे वाटतंय ना तुला, तेच खरं. बाकी पेट्या काय, उद्या कुणाच्या तरी होतील."

आणि खरं सांगायचं तर असं वाटणं मुकुंदला अवघड नव्हतंच. तो मुळातच उपकार जाणणारा माणूस. कुणी दिलेलं विसरायचं नाही, हे त्याचं ब्रीद. त्या ब्रीदाचा त्याला थोडा अभिमानही होता म्हणा. अभिमानाचं काय, तो कशाचाही होतो.

तर झालं असं की नगरवाचनालयाच्या सभागृहात मुकुंदच्या संग्रहाचं प्रदर्शन भरायचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारी तो आबांकडे आला, तो बगलेत एक लांबट पेटी आणि हातात गुंडाळी केलेला एक जुना नकाशा घेऊनच. चेहरा असा फुललेला, की आबांना वाटलं ह्याला बढती मिळाली.

"आबा, बाजारातल्या व्यापाऱ्यानं सकाळीच निरोप धाडला. बघा तरी! कुण्या जुन्या नकाशाकाराची पेटी, आणि तिच्याबरोबर त्याच पेटीनं काढलेला नकाशा. मखमल शाबूत. एक घर रिकामं नाही."

घर म्हणजे पेटीच्या मखमलीत प्रत्येक उपकरणाच्या मापाचा जो खोलगट खाचा असतो तो. संग्राहकाचा जीव त्या घरांत अडकलेला असतो. एखादं घर रिकामं दिसलं की त्याला जेवण गोड लागत नाही.

आबा दगडावर एका पेनची पाती घासत बसले होते. "पूस तोवर," ते म्हणाले. "एवढं झालं की बघतो."

मुकुंदनं ओसरीवर बैठक मारली, एकेक उपकरण काढून फडक्यावर मांडलं, आणि पेटी उलटी करून झटकली. मखमलीच्या फटीतून गंजाची पूड पडली, कापसाचे तंतू पडले, आणि अंगठ्याच्या नखाएवढी एक पिवळट, धुरकट चकती पडली. कुणाच्या तरी कोटाचं बटण असावं, तेही भोकं बुजलेलं. पेटीत तिला घर नव्हतं, आणि ज्याला पेटीत घर नाही ते पेटीचं नाही, हा संग्राहकांचा नियम. मुकुंदनं तिच्यासकट सगळा केर सुपलीत लोटला आणि हात झटकले.

"आबा, उद्या आभाराचे चार शब्द बोलायचे आहेत. ऐकता का?"

"ऐकतो की. कान काही घासत नाहीये मी."

मुकुंद सावरून बसला. घसा खाकरला. "सर्वप्रथम माझं वंदन माईसाहेबांना," त्यानं सुरुवात केली.

माईसाहेब म्हणजे मुकुंदच्या बहिणीच्या सासूबाई. मुकुंद लहान असतानाच त्याचे आईवडील एकामागोमाग गेले. मागे दोघंच उरली, तो आणि नुकतं लग्न झालेली त्याची थोरली बहीण इंदुमती. मुकुंद तिला अक्का म्हणे. अक्कानं धाकट्या भावाला बोटाला धरलं आणि आपल्या सासरी नेलं. त्या भरल्या घरात तो लहानाचा मोठा झाला, शिकला, नोकरीला लागला. माईसाहेब त्या घराच्या कर्त्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.

"मी पोरका झालो, तेव्हा या माउलीनं मला आपल्या घरात थारा दिला," मुकुंद बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचा आवाज खरोखरच भरून आला. "परक्याचं पोर मी. पण त्या घरात मला कुणी एका शब्दानं कधी दुखवलं नाही. माझ्या ताटाकडे कुणी कधी वळून पाहिलं नाही. माईसाहेबांचा आवाज चढायचा तो फक्त मांजरावर. फार सोकावलेलं मांजर होतं ते, सारखं दुधात तोंड घालायचं. तेवढं एक सोडलं तर त्या घरात मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नाही. आज मी जो काही आहे तो त्या घराच्या मायेमुळे. उद्या त्यांच्या तसबिरीला हार घालूनच प्रदर्शन उघडायचं आहे."

आबांचं घासणं थांबलं होतं. "छान," ते म्हणाले. "आणि अक्का?"

मुकुंदचा चेहरा उतरला. "आबा, तिचं नाव नको."

"का रे? बहीण ना तुझी?"

"बहीण आहे म्हणूनच लाज वाटते. तुम्हाला काय सांगू! सगळं घर माझ्यावर माया करायचं, आणि ही एकटीच माझ्याशी परक्यासारखी वागायची. पंगतीला म्हणून मला कधी बसू दिलं नाही. सगळ्यांच्या आधी चुलीपाशी बसवून घाईघाईनं जेवायला घालायची, जसं काही मी चोरच आहे. घरी पाहुणे आले की, 'मुकुंदा, जा, वाचनालयात जाऊन बस.' पहाटे कुणी उठायच्या आत माझं अंथरूण गुंडाळायला लावायची. दाजी वारले तसं हिनं ते घर सोडलं आणि गिरणीच्या मागं एक खोली घेऊन एकटी राहायला लागली. बरं, राहिली तर राहिली. पण माईसाहेब गेल्या तेव्हा तेराव्यालासुद्धा फिरकली नाही! मी गेलो. ढसाढसा रडलो. आणि तिथून तडक हिच्या खोलीवर गेलो. म्हटलं, अक्का, ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घराला तू पाठ दाखवलीस. तू कृतघ्न आहेस."

"मग? ती काय म्हणाली?"

"काही नाही. भाजी निवडत होती, निवडत राहिली. 'बरं' म्हणाली. एवढंच. मी उठून आलो. त्यानंतर आमचं बोलणं नाही. उद्याचं आमंत्रणही मी तिला दिलेलं नाही."

आबांनी तो 'कृतघ्न' शब्द तोंडातल्या तोंडात एकदा घोळवला, कडू औषध घोळवावं तसा. रागावतील, काही बोलतील, म्हणून मुकुंद वाट पाहत होता. पण ते म्हणाले ते भलतंच.

"नकाशा बघू तुझा."

मुकुंदला हायसं वाटलं. त्यानं नकाशा जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. कुठल्याशा गोल सभामंडपाच्या फरशीचा तो आराखडा होता. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ, कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी. कुठं रेघ जाड झालेली नाही, कुठं शाई फुटलेली नाही. एवढं सुंदर काम बघून आबांनी खरंच हात जोडले.

मग ते म्हणाले, "मुकुंदा, ही सगळी वर्तुळं एकाच मध्यबिंदूतून काढलीत. बरोबर?"

"बरोबर."

"मग तो मध्यबिंदू दाखव मला. सुईचं भोक दाखव."

मुकुंद नकाशावर ओणवा झाला. डोळे बारीक केले. मग भिंग आणलं. कंपासची सुई इतक्या वेळा एकाच जागी रोवल्यावर तिथं भोक पडायलाच हवं, पडून मोठंही व्हायला हवं. नुसतं गणित आहे ते. पण कागद तिथं कोरा करकरीत होता.

"नाही हो आबा! भोकच नाही!" त्याला आनंद झाला. "काय हलका हात असेल त्या माणसाचा!"

"हात लाख हलका असेल. सुई ती सुईच."

"मग कागद. जुना कागद दणकट असायचा."

"कागद ढालीच्या कातड्याचा होता का काय?"

"मग कंपासचीच करामत. ही बघा ना सुई, किती नाजूक घडवलीय..."

"हाताचे आभार मानून झाले, कागदाचे झाले, सुईचेसुद्धा झाले," आबा म्हणाले. "जिनं टोचायचं तिचेसुद्धा! आता ती केराची सुपली आण इकडे."

मुकुंदला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "सुपली?"

"सुपलीच. मघाशी पेटी झटकलीस ती."

त्यानं सुपली आणली. आणि मग त्याला कधी दिसलं नव्हतं असं दृश्य दिसलं. समोर फडक्यावर जर्मन सिल्व्हरची देखणी उपकरणं झळकत पडलेली, आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता आबा जमिनीवर मांडी ठोकून केर चिवडत बसलेले. गंजाची पूड बोटाला लागली, कापूस धोतराला चिकटला, पण म्हातारा काही उठेना. अखेर त्यांना ती पिवळट चकती सापडली. त्यांनी ती पेल्यातल्या पाण्यात धुतली, उपरण्याच्या टोकानं टिपली, आणि आधी स्वतःच्या कपाळाला लावून मग मुकुंदच्या तळहातावर ठेवली.

"आबा, ते बटण आहे."

"बटण!" आबा कडाडले. "एवढ्या पेट्या गोळा केल्यास आणि हिला बटण म्हणतोस? धर ते भिंग. बघ नीट."

मुकुंदनं भिंग धरलं. चकतीच्या खालच्या अंगाला तीन पाय होते, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. आणि वरच्या अंगाला मधोमध... मधोमध तिची चाळण झालेली होती. टोचणीवर टोचणी, टोचणीवर टोचणी. धुरकट दिसत होती ती त्यामुळेच.

"ही शिंगाची चकती," आबा म्हणाले. त्यांचा आवाज आता निवला होता. "शिंगाचा पातळ काप काढून, घासून घासून करायचे. मध्यबिंदूवर ही ठेवायची. आरपार दिसतं, म्हणून खालची खूण सापडते. मग कंपासची सुई कागदावर नाही, हिच्यावर रोवायची आणि खुशाल वर्तुळं काढत सुटायचं. जेवढी वर्तुळं तेवढ्या टोचण्या, आणि सगळ्या हिला. काम संपलं की हिला उचलून पेटीत कुठंतरी टाकायची. हिच्या पायांच्या खुणा नखानं घासल्या की जातात. कागद कोराच्या कोरा. मग कधीतरी तुझ्यासारखा एखादा जाणकार येतो, भिंग लावतो आणि म्हणतो, वाहवा, काय हलका हात!"

मुकुंद ओशाळून हसला. आबा हसले नाहीत.

"पेनचं काम दिसतं, कारण रेघ दिसते. कंपासचं काम दिसतं, कारण वर्तुळ दिसतं. हिचं काम एकच, की काही दिसू नये. हिनं थोडी जरी कुचराई केली असती ना, तरी भोक पडलं असतं आणि त्या भोकापायी कुणाला तरी हिची आठवण झाली असती. हिनं काम इतकं चोख केलं की आठवण राहायला जागाच ठेवली नाही. म्हणून ती केरात जाते. मुकुंदा, तू म्हणतोस त्या घरात तुला कुणी टोचून बोललं नाही. मी एवढा म्हातारा झालो, पण भरल्या घरात परक्याचं पोर जेवायला बसलंय आणि कुणाच्याच जिभेला काटा नाही, असं घर मी पाहिलेलं नाही. मग तुझ्या कागदाला भोक कसं नाही रे?"

"आबा, माईसाहेब खरंच तशा नव्हत्या..." मुकुंद म्हणाला. पण त्याला स्वतःलाच आपला आवाज पोकळ वाटला.

आबांनी शांतपणे विचारलं, "ते मांजर कुठल्या रंगाचं होतं?"

मुकुंदनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पांढरं म्हणावं असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, करडं असेल.

मांजर त्यानं पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या घरात काढली, पण मांजर म्हणून कधी त्याच्या पायात आलं नव्हतं, चुलीपाशी निजलेलं दिसलं नव्हतं. दिसायची ती अक्का. तो शाळेतून यायचा, माजघरातून माईसाहेबांचा चढलेला आवाज यायचा, 'फुकटचं खाऊन माजलंय नुसतं', 'कुठून आणून आमच्या गळ्यात बांधलंय'. त्याची चाहूल लागली की आवाज थांबायचा आणि अक्का हात पुसत बाहेर यायची, हसतमुखानं. "काय झालं गं अक्का?" "काही नाही रे, मांजर शिरलं होतं दुधात." त्याला त्या मांजराची दया यायची. रात्री आपल्या पोळीतला तुकडा तो त्याच्यासाठी परसदारी ठेवायचा. सकाळी तो तिथं नसायचा; अक्काच उचलत असणार.

आणि मग एकेक गोष्ट उलटी होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. सगळ्यांच्या आधी जेवायला का घालायची? पंगतीत कुणी त्याच्या पोळ्या मोजू नयेत म्हणून. वाचनालयात का धाडायची? पाहुण्यांसमोर त्याचा उद्धार व्हायचा, तो त्याच्या कानांवर पडू नये म्हणून. पहाटे अंथरूण का गुंडाळायला लावायची? त्याला लोळताना पाहून कुणाला निमित्त मिळू नये म्हणून. मायेचं घर! त्या घरात माया होती ती एकाच माणसापाशी, आणि त्याच माणसाला तो तोंडावर कृतघ्न म्हणून आला होता.

"आबा," त्याच्या डोळ्यांना धार लागली, "मी तिला काय बोललो हो!"

"बोललास खरा," आबा म्हणाले. "आणि ती 'बरं' म्हणाली. सवयच ना तिला." मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडायला पुष्कळ वेळ आहे. गिरणी लांब नाही. ऊठ."

मुकुंद उठला. पेटी, नकाशा, उपकरणं, सगळं ओसरीवर तसंच पडलं होतं. संग्राहक माणूस असा कधी उठून जातो का? पण तो गेला.

अक्का खोलीच्या दारात बसून वाल सोलत होती. केस पार पांढरे झाले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. भावाला पाहून ती चमकली, पण दाखवलं नाही. "ये," ती म्हणाली. "उद्या प्रदर्शन ना तुझं? वर्तमानपत्रात आलंय. फोटो जरा बरा द्यायचास."

मुकुंद तिच्यासमोर जमिनीवरच बसला. काय काय बोलायचं, ते वाटेत घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"अक्का," तो म्हणाला, "त्या घरी माझ्यावरून तुला काय काय ऐकावं लागलं?"

अक्काचे हात थांबले. तिनं मान वर केली, आणि मुकुंदनं जन्मात पाहिला नव्हता असा संताप तिच्या चेहऱ्यावर उमटला.

"कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली. "कोण बोललं? थोरल्या जाऊबाई का? नाव सांग, अशीच्या अशी जाते आणि जाब विचारते!"

कृतघ्न म्हटल्यावर जी 'बरं' म्हणाली, ती आता थरथरत होती. एवढी जपून ठेवलेली गोष्ट भावापर्यंत पोचलीच कशी, याचाच तो सगळा राग होता. मुकुंदला ते कळलं.

"कुणी नाही सांगितलं गं. माझं मलाच कळलं. फार उशिरा कळलं."

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा सगळा आवेश ओसरला. "म्हणजे इतकी वर्षं तोंड शिवून बसले, ते पाण्यातच गेलं म्हणायचं."

"पाण्यात नाही गेलं अक्का," मुकुंदनं तिचे पाय धरले. "मी निर्धास्त वाढलो. जग चांगलं आहे असं समजून वाढलो. लोकांवर विश्वास टाकायला शिकलो, कुणी काही दिलं तर आनंदानं घ्यायला शिकलो. हे सगळं मला त्या घरानं दिलं असं समजत होतो. ते तू दिलंस. सगळंच्या सगळं तूच दिलंस. आणि मी आभार मानले ते भलत्यांचेच."

"ऊठ आधी. लोक बघतायत," अक्का म्हणाली, पण पाय काही तिनं सोडवून घेतले नाहीत. "आभार कसले मानतोस? भाऊ होतास माझा. आणि त्या माईसाहेबांचं म्हणशील, तर त्यांच्याही छपराखाली राहिलो आपण. ते का खोटं आहे? फक्त तेराव्याला जायला माझं मन तयार होईना बाबा. तेवढं नाही जमलं मला."

"नसू दे जमलं."

गिरणी बंद झाली तशी एकदम शांतता पसरली. मुकुंदनं सुपातले वाल ओढून घेतले आणि तोही सोलू लागला.

"अक्का, आता सांग."

"काय सांगू?"

"सगळं. त्या काय काय म्हणायच्या ते. एकेक शब्द."

"कशाला उगीच? झालं ते गेलं."

"तू एकटीनं ऐकलंस. आता मला ऐकू दे. माझ्यासाठी होतं ना ते? मग माझ्यापर्यंत येऊ दे आता."

अक्का नको नको म्हणत राहिली. मग एकदम म्हणाली, "एकदा तुला ताप होता. मी पेलाभर दूध गरम करत होते. मागून येऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या देखत. म्हणाल्या, 'सगळ्या सुना माहेराहून भांडीकुंडी आणतात, हिनं हुंड्यात भाऊ आणला.'"

इतक्या वर्षांनी ते वाक्य ज्याच्यासाठी होतं त्याला जाऊन लागलं. मुकुंदच्या काळजात कळ उठली. फार दुखलं. पण तो जागचा हलला नाही, डोळे पुसले नाहीत, सोलायचा थांबला नाही.

"अजून?" तो म्हणाला.

आणि अक्का सांगू लागली. आधी थांबत थांबत, मग भडाभडा. मध्येच रडली, मध्येच स्वतःच्याच आठवणीला हसली, सासूची हुबेहूब नक्कल करून दाखवली. तिन्हीसांजा झाल्या तरी तिचं संपेना, आणि मुकुंदही तिला संपव म्हणाला नाही.

आपल्याला आयुष्यात कुणी कधी टोचून बोललं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आज घरी गेल्यावर जरा चौकशी करावी.